जाड कडेची हार

समुद्राच्या आम्लीकरणाचा विषय निघाला की आपल्याला शिंपले आठवतात, प्रवाळ आठवतात. मी आज शैवालांबद्दल बोलणार आहे. आणि त्यातही मरून जाणाऱ्या नव्हे, तर जिवंत राहूनही शेजाऱ्यापुढे हरणाऱ्या शैवालांबद्दल.

खडकाळ किनाऱ्यावर सगळं भांडण जागेचं असतं. क्षार पाण्यातून मिळतात, ऊन वरून येतं. पण चिकटायला खडक लागतो आणि तो थोडाच असतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाशी टाटूश नावाचं लहानसं बेट आहे. तिथल्या खडकांवर गुलाबी रंगाचा लेप दिल्यासारखी लाल शैवालं पसरलेली असतात. त्यांच्या पेशींच्या भिंतींत चुना असतो. सागरी जीवांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी १९८०च्या दशकात या शैवालांच्या वेगवेगळ्या जातींचे तुकडे खडकावर शेजारीशेजारी चिकटवले आणि कोण कोणावर चढतं ते चिकाटीनं पाहिलं. स्यूडोलिथोफायलम म्युरिकेटम ही जात जवळजवळ प्रत्येक वेळी जिंकायची. तिची कड जाड, त्यामुळे ती पातळ शेजाऱ्यावर सहज चढायची आणि त्याचं ऊन अडवायची.

सोफी मॅकॉय आणि कॅथी फिस्टर यांनी सुमारे तीस वर्षांनी त्याच बेटावर तोच प्रयोग पुन्हा केला. जुनी विजेती आता बहुतेक लढती हरत होती, आणि तिची जागा दुसऱ्या कुणी घेतली असंही नव्हतं. आज ही वरचढ, उद्या ती. पूर्वी जाड असलेल्या कडा पातळ झाल्या होत्या. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे एकही जात नाहीशी झालेली नाही. नुसती जातींची यादी केली असती तर हा बदल कुणाच्या लक्षातही आला नसता.

असं का होतं? हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि चुना घडवायला लागणारे पाण्यातले कार्बोनेट आयन कमी होतात. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं पाणी अधिक आम्ल) सरासरी ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा किरकोळ दिसतो. पण सामूची मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे, एक अंक उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात; म्हणून एवढ्याशा घटीनंही हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून अधिक वाढले आहेत. या लाल शैवालांचा चुना मॅग्नेशियमयुक्त, म्हणजे पटकन विरघळणारा. तो घडवायला आणि टिकवायला आता जास्त ऊर्जा जाते.

चुना नसलेल्या शैवालांचं गणित निराळं आहे. बरीच शैवालं बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवतात, पण त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की काहींचा हा खर्च वाचतो. खडकावर गालिच्यासारखं पसरणारं बुटकं, तंतुमय शैवाल अशा वेळी झपाट्यानं वाढू शकतं. ते गाळ धरून ठेवतं, आणि मग केल्प या मोठ्या तपकिरी शैवालाच्या कोवळ्या रोपांना चिकटायला उघडा खडकच उरत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत कार्बन डायऑक्साइड आणि सांडपाण्यात असतात तशी पोषकद्रव्यं एकत्र वाढवली, तेव्हा हा गालिचा जोमानं फोफावला. पण मोठ्या केल्पची सावली जिथे शाबूत होती, तिथे तो दबूनच राहिला. म्हणून कार्बनचं उत्सर्जन कमी करण्याची लढाई चालू असतानाच सांडपाणी रोखणं आणि उभं केल्प जपणं ही कामं किनाऱ्यावरच्या शहरांनी आजच हाती घ्यावीत, असं मी कळकळीनं सांगतो. एकदा सावली गेली आणि गालिचा बसला की केल्पला ती जागा परत मिळवणं फार अवघड जातं.