दाव्याआधीची बैठक

समजा, इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याचे 18 लाख रुपये एका यंत्रमागधारकाकडे अडकले आहेत. व्यापारी बिले पुढे करतो. मागधारकाचे म्हणणे असे, की सुतातच खोट होती, मागावर ताण्याचे धागे सारखे तुटत होते आणि त्यामुळे निघालेल्या सदोष कापडाचा भाव पुढच्या खरेदीदाराने पाडला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते.

हा वाद न्यायालयात गेला, तर वादपत्र, कैफियत, साक्षी, उलटतपासणी आणि सुताच्या नमुन्यावर तज्ज्ञाचे मत अशा टप्प्यांतून तो पुढे सरकतो. तोवर तो नमुना तरी कुणी जपून ठेवलेला असतो का, हा प्रश्न वेगळाच. निकाल लागला तरी अपील उरते, आणि तोवर दोघांचा व्यवहार तुटलेला असतो.

वाणिज्यिक न्यायालये अधिनियमात 2018 साली कलम 12-अ घालण्यात आले ते यासाठीच. वाणिज्यिक वाद किमान 3 लाख रुपयांचा असेल आणि तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीचा मार्ग अवलंबल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात 17 ऑगस्ट 2022 रोजी ही अट बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. 2018 च्या नियमांनुसार विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. आपल्या उदाहरणातल्या रकमेसाठी मध्यस्थीचे शुल्क 30 हजार रुपये असून ते दोन्ही पक्षांनी निम्मे-निम्मे भरायचे असते. मध्यस्थीला मुदत 3 महिन्यांची, आणि उभयतांची संमती असल्यास आणखी 2 महिन्यांची. हा काळ दाव्याच्या मुदतीत धरला जात नाही.

वेळ आणि पैसा वाचतो, हे खरेच. पण मोठा लाभ बंद दाराआडच्या बोलण्यात आहे. मध्यस्थ दोघांशी एकत्र आणि नंतर स्वतंत्रपणे बोलतो, आणि एकाने खासगीत सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला कळू देत नाही. मागधारक तिथे मान्य करतो, की काही पोती अजून न फोडता गोदामात पडून आहेत. व्यापारी मान्य करतो, की त्या खेपेबद्दल इतरांचीही तक्रार आली होती. मग हिशेब जुळू लागतो: 3 लाखांचे सूत परत, 2 लाखांची सूट, 4 लाख लगेच आणि उरलेले 9 लाख दरमहा दीड लाखाच्या 6 हप्त्यांत, शिवाय पुढची खेप तपासूनच उचलण्याची अट. दाव्याच्या निकालात न्यायाधीश देणे किती ते ठरवतील, पण पुढच्या खेपेच्या अटी काही ठरवून देणार नाहीत.

अर्थात, देणे बुडवायचेच ठरवलेला माणूस नोटीस मिळूनही फिरकत नाही. अशा वेळी मध्यस्थी सुरूच न झाल्याचा अहवाल घेऊन न्यायालयात जावे लागते. त्याहून खेदाची बाब अशी, की पुष्कळदा अर्ज करणाराच या टप्प्याकडे दाव्यापूर्वीची एक औपचारिकता म्हणून पाहतो आणि बैठकीला निर्णयाचा अधिकार नसलेला माणूस पाठवतो.

तडजोड झाली, तर ती लेखी होते, दोघे पक्ष आणि मध्यस्थ तिच्यावर सही करतात आणि कायद्याने तिला लवादाच्या निवाड्याचे बळ मिळते. त्यामुळे मागधारकाचा हप्ता चुकलाच, तर व्यापाऱ्याला नव्याने दावा लावावा लागत नाही; वसुलीसाठी थेट दरखास्त दाखल करता येते.