गाड्या वेळेवर कोण आणतं?

(मिरजेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

गाडी अर्धा-पाऊण तास लेट झाली की आपल्याकडच्या फलाटावर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "या देशाला हिटलरच पाहिजे." म्हणणारा माणूस बहुधा सज्जन असतो. त्याला कुणाचा जीव घ्यायचा नसतो, कामावर वेळेत पोहोचायचं असतं. शेजारचा मान डोलावतो आणि तिसरा कुणीतरी आणीबाणीची आठवण काढतो : "तेव्हा गाडीवर घड्याळ लावून घ्यावं, अशी परिस्थिती होती."

मी हे लहानपणापासून ऐकत आलोय. माझे वडील रेल्वेत की-मन होते. पहाटे हातोडा आणि पाना घेऊन निघायचं, आपल्या टप्प्यातल्या रुळाची एकेक चावी, म्हणजे रूळ घट्ट धरून ठेवणारी पाचर, ठोकून बघत जायचं, दुसऱ्या बाजूनं परत यायचं, हे त्यांचं काम. हिटलरचं वाक्य त्यांच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही. कुणी त्यांच्यासमोर म्हटलंच, तर ते एवढंच म्हणत, "चावी दम देऊन बसत नाही, ठोकून बसते." आज मी जे बोलणार आहे ते या एका वाक्याच्या आधारानं. हुकूमशहांनी गाड्या वेळेवर आणल्या, या समजुतीला इतिहासात आधार नाही. ती त्यांच्याच प्रचारखात्यांनी तयार केली आणि ते गेल्यावरही जगभर फिरत राहिली.

मूळ कथा इटलीची आहे. मुसोलिनीनं गाड्या वेळेवर आणल्या, असं जग म्हणतं. पहिल्या महायुद्धानं इटलीच्या रेल्वेची दैना केली होती. कोळसा नाही, इंजिनं खिळखिळी. दुरुस्तीचं बरंचसं काम १९२२च्या आधीच्या सरकारांनी हाती घेतलं होतं. ऑक्टोबर १९२२मध्ये मुसोलिनी पंतप्रधान होण्यासाठी मिलानहून रोमला आला तोच मुळी रात्रीच्या गाडीनं, झोपायच्या डब्यातून. म्हणजे त्याला सत्तेपर्यंत आणणारी रेल्वे आधीपासून धावत होती. पुढे बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा डोंगर पोखरून काढलेला मार्ग १९३४ साली सुरू झाला. त्यातला बोगदा साडेअठरा किलोमीटरचा. फॅसिस्टांनी त्याचं श्रेय घेतलं, पण काम सुरू झालं होतं १९१३मध्ये. परदेशी पाहुणे ज्या मोठ्या गाड्यांनी जात त्या बऱ्यापैकी वेळेवर असत. खेड्यापाड्यांतल्या साध्या गाड्यांची कहाणी वेगळी होती आणि ती छापायची सोय नव्हती.

आता जर्मनी. इथे दोन समजुती एकमेकींत अडकल्या आहेत : एक रस्त्याची, एक युद्धाची.

हिटलरनं महामार्ग बांधले आणि बेकारी संपवली, असं आपल्याकडे शाळेतले शिक्षकसुद्धा सांगतात. कोलोन आणि बॉन या शहरांमधला, फक्त मोटारींसाठी राखलेला, चौक नसलेला रस्ता ६ ऑगस्ट १९३२ रोजी खुला झाला. उद्घाटन केलं कोलोनचे महापौर कोनराड आडेनावर यांनी. हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सेलर झाले. हिटलर सत्तेवर यायला तेव्हा सहा महिने होते. मग नाझींनी काय केलं? त्या रस्त्याचा दर्जाच उतरवला. कागदोपत्री तो साधा रस्ता ठरवला, म्हणजे 'पहिला' हा मान मोकळा झाला. सप्टेंबर १९३३मध्ये फ्रँकफर्टजवळ हिटलरनं फावडं मारलं आणि त्याचा फोटो जगभर गेला. आपल्या डोक्यात आजही तो फोटोच आहे. १९३३च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांच्या आसपास बेकार होते. महामार्गाच्या कामावर एका वेळी जास्तीत जास्त राबले ते सव्वा लाखाच्या घरात. बेकारी हटली ती मुख्यतः शस्त्रांच्या कारखान्यांनी आणि सक्तीच्या सैन्यभरतीनं. युद्ध सुरू झाल्यावर त्या रस्त्यांवर कैदी आणि ज्यू वेठबिगार राबले.

आणि त्या रस्त्यांवर चालवायच्या गाड्या? सामान्य माणसासाठी ९९० मार्कांची मोटार जाहीर झाली. आठवड्याला किमान पाच मार्कांची तिकिटं घेऊन पुस्तकात चिकटवायची, पुस्तक भरलं की मोटार मिळणार. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. एकालाही मोटार मिळाली नाही. कारखान्यातून सैन्याच्या गाड्या निघाल्या. १९४३मध्ये तर महामार्ग सायकलींसाठी खुले करावे लागले, कारण मोटारींना पेट्रोल नव्हतं. मला या गोष्टीत त्या भरणाऱ्यांचं वाईट वाटतं. पगारातून पाच मार्क बाजूला काढणारा माणूस आपल्या भिशीवाल्यापेक्षा वेगळा नव्हता.

आता युद्ध. सिनेमांमुळे आपल्याला वाटतं की जर्मन सैन्य म्हणजे रणगाडे, मोटारसायकली आणि विजेचा वेग. २२ जून १९४१ला सोव्हिएत रशियावर जे सैन्य चालून गेलं, त्याच्यासोबत सहा लाखांहून अधिक घोडे होते. बहुतेक डिव्हिजन पायी चालत होत्या आणि त्यांच्या तोफा घोडे ओढत होते. घोड्याला वैरण लागते, वैरणीला वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, लागतात, वाघिणींना रूळ लागतात. म्हणजे जगातलं सगळ्यात आधुनिक म्हणवलं जाणारं सैन्य शेवटी रेल्वेवर अवलंबून होतं. आणि रेल्वेकडे तर त्यांनी आधीची सहा-सात वर्षं दुर्लक्ष केलं होतं. पोलाद शस्त्रांकडे वळलं, मान महामार्गांना मिळाला, वाघिणी आणि इंजिनं तुटपुंजी राहिली.

पुढचं मिरजकरांना जास्त समजावून सांगायला नको. या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या लोकांनी पाहिल्यात. पुण्याकडची मीटरगेज, लातूरकडे जाणारी बार्शी लाइटची छोटी गाडी. एका गाडीतून उतरायचं, बोचकी हमालाच्या डोक्यावर द्यायची, दुसऱ्या गाडीत चढायचं. मालाचं तर विचारूच नका, पोतं न् पोतं या वाघिणीतून त्या वाघिणीत. पुण्याची लाइन ब्रॉडगेज व्हायला किती वर्षं गेली आणि किती माणसं राबली, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. जर्मन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, रशियन रुळांमधलं १५२४. फरक साडेतीन इंचांचा. तेवढ्यासाठी जर्मनांना आघाडीच्या मागे हजारो किलोमीटर रूळ उपटून, आत सरकवून पुन्हा ठोकावे लागले. रूळ सरकवणं त्यातल्या त्यात सोपं. रशियन इंजिनं मोठी, त्यांच्या टाक्या मोठ्या, म्हणून पाणी भरायच्या जागा लांब लांब. जर्मन इंजिनाला मधेच तहान लागायची आणि तिथं पाणी नसायचं. मग हिवाळा आला. जर्मन इंजिनांचे पाण्याचे पाइप बॉयलरच्या बाहेरून गेलेले. ते गोठून फुटले आणि इंजिनं जागच्या जागी बंद पडली. मॉस्कोच्या दारात सैनिक थंडीनं मरत होते, तेव्हा गरम कपडे मागे वाटेत अडकले होते. एवढा कडक हुकूम देणारा माणूस सगळ्या इतिहासात नसेल, आणि त्याच्या हुकमानं एक पाइप गोठायचा थांबला नाही.

देशाच्या आतसुद्धा तेच. २२ डिसेंबर १९३९, नाताळच्या आधीची गर्दी, युद्धामुळे सगळीकडे दिवे मालवलेले. बर्लिनहून कोलोनकडे निघालेली खचाखच भरलेली एक्स्प्रेस उशिरा धावत होती. गेंटिन स्टेशनात ती उभी असताना मागून येणारी दुसरी गाडी सिग्नल ओलांडून तिच्यावर आदळली. जर्मन रेल्वेच्या इतिहासातला हा सगळ्यात भीषण अपघात. त्याच दिवशी दक्षिणेत आणखी दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. दोन्हींत मिळून अडीचशेहून जास्त माणसं गेली. हिटलर तेव्हा सत्तेच्या शिखरावर होता.

आणि तरीही त्या राजवटीनं रेल्वेकडून एक काम चिकाटीनं करून घेतलं. ज्यू माणसांना छळछावण्यांकडे नेण्याच्या गाड्यांचं रीतसर वेळापत्रक असे. रेल्वे त्याचं भाडं आकारत असे : माणशी दर किलोमीटरला चार फेनिग (शंभर फेनिगांचा एक मार्क), दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेहून जास्त माणसं असली तर सवलत. जाण्याचंच तिकीट. हा दरपत्रक लिहिणारा कारकून, डबे जोडणारा पॉइंट्समन, सिग्नल देणारा केबिनमन हे सगळे माझ्या वडिलांच्या पेशातले लोक होते. हे मला फार टोचतं. आणि याही गाड्या वेळेवर नसत. सैन्याच्या गाड्यांना वाट द्यायला त्या तासन् तास सायडिंगला, बाजूच्या रुळावर, उभ्या राहत, आतली माणसं पाण्यावाचून मरत. सुमारे तीस लाख माणसं या गाड्यांतून गेली. फलाटावर हिटलरचं नाव घेणाऱ्या त्या सज्जन गृहस्थाला मला हे सांगावंसं वाटतं, पण गाडी येते आणि सगळे धावतात.

आज काय आहे ते थोडक्यात सांगतो. जर्मन म्हणजे वक्तशीर, हीसुद्धा एक समजूतच. २०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोहोचल्या ६२.५ टक्के, आणि तिथं सहा मिनिटांच्या आतला उशीर हिशेबात धरत नाहीत. कारण फार जुनं नाही : वर्षानुवर्षं रुळांवर पुरेसा पैसा खर्च झाला नाही. शेजारी स्वित्झर्लंड. तिथं तीन मिनिटांचीच सूट आहे आणि तरी नव्वद टक्क्यांहून अधिक गाड्या वेळेवर. फार उशिरा आलेल्या जर्मन गाडीला ते कधी कधी हद्दीवरच थांबवतात आणि पुढे आपली गाडी सोडतात. स्विस रेल्वेचा मोठा आराखडा १९८७ साली लोकांच्या मतदानानं मंजूर झाला. रेल्वेसाठी कायमचा निधी ठेवायचा की नाही, हेही २०१४मध्ये लोकांनीच मत देऊन ठरवलं. कुणाला धाक दाखवावा लागला नाही. तिथला शेतकरी, शिक्षिका, दुकानदार यांनी आपल्या करातून किती पैसे रुळांना द्यायचे ते स्वतः ठरवलं.

आता घरचं. २५ जून १९७५ला आणीबाणी लागली. त्या काळात काही गाड्या वेळेवर धावल्या असतील, कचेऱ्याही वेळेवर भरल्या असतील. मी ते नाकारत नाही. पण ती आठवण कुठून आली तेही बघू या. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. आणि वर्षभर आधी काय घडलं होतं? ८ मे १९७४ला देशभरातले लाखो रेल्वे कामगार संपावर गेले. जॉर्ज फर्नांडिस त्यांचे नेते. मागण्यांत एक होती आठ तासांच्या ड्यूटीची, कारण इंजिनवरच्या माणसाला किती तास जागं ठेवायचं याला धरबंद नव्हता. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वे वसाहतींमधली कुटुंबं क्वार्टर्समधून बाहेर काढली गेली. वीस दिवसांनी संप मोडला. आणीबाणीतल्या शिस्तीची आठवण काढणारे या वीस दिवसांची आठवण काढत नाहीत. डोळ्यांवर झोप असलेल्या ड्रायव्हरच्या हाती हजारभर माणसं द्यायची की नाही, हा प्रश्न तेव्हा कामगार विचारत होते. वक्तशीरपणाचा आणि सुरक्षेचा खरा प्रश्न तोच होता.

त्या आणीबाणीत राजापूरचे खासदार, प्राध्यापक मधु दंडवते, बंगळूरच्या तुरुंगात होते. १९७७मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. संपात काढून टाकलेल्या कामगारांना त्यांनी कामावर परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या बाकड्याच्या फळ्यांवर फोमची गादी घातली. आज आपण ज्या बर्थवर पाठ टेकतो, तिची सुरुवात तिथली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, त्यात वर्गाचा भेद ठेवला नव्हता. फर्नांडिसही आणीबाणीत तुरुंगात होते. तेही पुढे रेल्वेमंत्री झाले आणि १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. कोकणी माणसाला पिढ्यान् पिढ्या बोटीची आणि घाटातल्या एसटीचीच वाट ठाऊक होती. ज्यांना डांबून ठेवलं होतं त्यांनीच सामान्य प्रवाशाच्या पाठीचा आणि त्याच्या गावाचा विचार केला, हे मला फार मोलाचं वाटतं. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंत सबंध मार्गावर गाडी धावू लागली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जानेवारी १९९८ला, बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनात जर्मन रेल्वेनं एक स्मारक खुलं केलं. मी तिथं गेलोय. लोकल येते-जाते त्या फलाटांच्या पलीकडे सतरा क्रमांकाचा जुना फलाट आहे. त्याच्या दोन्ही कडांना ओतीव पोलादाच्या १८६ पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येक पट्टीवर तारीख, माणसांची संख्या, बर्लिन, आणि गाडी जिथं गेली त्या गावाचं नाव. एका गाडीची एक पट्टी, वेळापत्रकात असते तशी. पहिली १८ ऑक्टोबर १९४१ची, शेवटची मार्च १९४५ची. मे महिन्यात जर्मनी शरण गेला. पहिल्या पट्टीवरच्या गाडीत हजारांहून जास्त माणसं होती, शेवटच्या काही पट्ट्यांवर आकडे अगदी लहान होत गेलेत.

मी सवयीनं खाली रुळाकडे बघितलं, की-मनचा मुलगा म्हणून. रूळ गंजलेले. खडीतून झाडं वर आलीत, काही चांगली उंच. ती मुद्दाम तोडलेली नाहीत. तिथून पुन्हा गाडी सुटू नये, म्हणून ती तशीच वाढू दिली आहेत.