पाहुणा आडाळ्यावर बसतो तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आहे. शनिवार, रविवार, सोमवार. गावाकडे ज्याचं घर आहे त्याला शहरातून एखादा तरी फोन येणारच, "काय रे, येऊ का तुझ्याकडे?" "ये की!" म्हणायला आपल्याला पैसे पडत नाहीत. धावपळ सुरू होते ती फोन ठेवल्यावर.

माझी गेल्या ऑगस्टमध्ये झाली. मी कुडाळ तालुक्यातला. मुंबईत नोकरी करून आता गावी, आईजवळ असतो. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र सोलापूरकडचा. तोही निवृत्त होऊन गावी गेला, थोडी शेती बघतो. २०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी होता, म्हणून तीन रात्री राहायला येतो म्हणाला.

मी लगेच कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कार्यक्रम आखला. शुक्रवारी मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला. शनिवारी तारकर्ली. रविवारी धामापूरचा तलाव आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी. जेवणात सुरमई, तिसऱ्या, कोंबडी-वडे. आईने कागद लांब धरून वाचला आणि म्हणाली, "श्रावण आसा, म्हायत आसा मा तुका? आणि शुक्रवारी अष्टमी!"

म्हणजे सुरमई गेली, कोंबडी गेली, आणि पाहुणा उतरणार तो नेमका गोकुळाष्टमीच्या उपासाला. पुढचं मलाच आठवायला हवं होतं. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि तारकर्लीच्या खवळलेल्या समुद्रात कुणी शहाणा उतरत नाही. माझ्या कागदावर रविवार तेवढा उरला. आपण गावात राहतो, पण पाहुणा यायचा म्हटला की पर्यटनाच्या पत्रकातून गाव बघायला लागतो, त्याला काय करणार?

मित्र फोंडाघाटातून एसटीने आला. घाटापासून जो पाऊस लागला तो घरापर्यंत. सोलापूरला वर्षभरात जेवढा पडतो तेवढा आमच्याकडे जुलैच्या एका पंधरवड्यात पडतो. हे त्याला आकड्यांत ठाऊक होतं, अंगावर पहिल्यांदाच घेत होता. खळ्यातून पडवीपर्यंत येईतो छत्री उलटी झाली.

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. मग मी त्याला पडवीत खुर्ची दिली, चहा दिला, पेपर दिला. तो कप उचलायला वाकला की मी म्हणायचो, "छे छे, तू बस." विहिरीवर यायला निघाला, "तू बस." दुपारी लाईट गेली. तीनच्या सुमाराला बघतो तर तोच पेपर तिसऱ्यांदा वाचत होता, या वेळी निविदा सूचना. साठी ओलांडलेल्या, हाताला कामाची सवय असलेल्या माणसाला आम्ही मोठ्या प्रेमाने कोंडून ठेवलं होतं. "तू बस" यासारखी शिक्षा नाही, आणि ती आपण आदर म्हणून देतो.

चार वाजता आई शेवग्याच्या फांद्यांचा भारा घेऊन आली आणि एक शब्द न बोलता तिने तो त्याच्या पायाशी टाकला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे अष्टमीचा उपास रात्री कृष्णजन्म झाल्यावर सोडतात, आणि पानात आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि शेगलाची भाजी लागतेच. शेगूल म्हणजे शेवग्याचा पाला. तो खुडणं हे चिकाटीचं काम. देठ चिमटीत धरून खाली ओढला की बारकी पानं सुटतात, पण काड्या राहिल्या तर घशात टोचतात. टोपलीभर पाला शिजून वाटीभर होतो. शेवग्याच्या शेंगा बाजारात नेऊन विकणारा हा माणूस पाला खुडायला बसला आणि तासाभरात आईशी पाऊसपाणी, खतं, सुनांचे स्वभाव अशा सगळ्या विषयांवर बोलायला लागला.

मग आडाळा. घाटावर विळी म्हणतात. आमच्या आडाळ्याच्या पात्याला पुढे खोबरं खवायला दातेरी चकती असते. तो पाटावर बसला आणि त्याने वाटी चकतीवर दाबली जोर लावून. आई ओरडली, "काळा काढू नको मरे, रस काळो जातलो!" नारळाची वाटी काठाकडून खवत फिरवायची असते, मध्यभाग शेवटी घ्यायचा, आणि करवंटीलगतचा तपकिरी भाग लागायच्या आत थांबायचं. दोन वाट्या वाया गेल्या. तिसरी पांढरीशुभ्र पडली तेव्हा त्याने ताट मला दाखवलं, शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसं. रात्री बारानंतर त्या खोबऱ्याच्या गुळवणी रसात त्याने पाच आंबोळ्या बुडवल्या.

शनिवारी मी त्याला कुठे नेलं नाही. मला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, आमच्या मूर्तीसाठी पाट द्यायचा होता, तो सोबत आला. चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे शाळेत ऐन घाई. कोपऱ्यात पाटांची चळत, प्रत्येकावर खडूने घराचं नाव, आणि मधे ओल्या मातीचे गणपती, कुणाला सोंड नाही, कुणाला हात नाही. मूर्तिकाराने त्याच्या हाताकडे पाहिलं, एक ओला ब्रश दिला आणि म्हणाला, "ह्या पाठीवर फिरवा. पुढे येव नको." दोन तास तो गणपतींच्या पाठी गुळगुळीत करत होता. परतताना काळोख पडला. पाणंदीतून बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही हे मी त्याला दोनदा बजावलं, कारण आमच्याकडे फुरसं, म्हणजे एक छोटा विषारी साप, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. गावी पाहुणा येणार असेल तर श्रोतेहो, चादरीआधी बॅटरीचे सेल बघून ठेवा.

रविवारी धामापूर झालं. १५३० च्या सुमाराचा म्हणून सांगतात तो तलाव; २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. मी भगवतीच्या देवळाकडे निघालो, हा बंधाऱ्यावरच उभा. खाली भिजतं किती, पाट कुठून काढलेत, गाळ कोण उपसतं? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. वाटेवरच्या एका शेतकऱ्याने दिलं, आणि दोघे पावसात छत्र्या धरून अर्धा तास उभे. मी देवळात एकटाच जाऊन आलो.

परवा त्याचा फोन आला. मला वाटलं, २६ जानेवारीला येतोय. तर म्हणाला, "या वेळी तू ये. ज्वारी हुरड्याला आलीय. आगटीपाशी बसून कणसं चोळायला माणूस कमी पडतंय." मी म्हटलं, "अरे, मला कुठे जमतंय?" तो म्हणाला, "दोन कणसं वाया जातील, तिसरं जमेल."

आईने कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. आणि खवायला, म्हणे, चार नारळ.