शंका आली त्या दिवशी

(दृश्य: परळचा पूल, संध्याकाळची गर्दी)

नशा करणारा म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर पुलाखाली पडलेला गर्दुल्ला येतो. हे चित्र ऐंशीच्या दशकातलं. ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, शहरात नुकतीच शिरली होती आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. नाक्यानाक्यावर रिकामी पोरं उभी राहू लागली. पन्नीवर पावडर, खाली पेटती काडी, तोंडात नळी. त्यात किती घरं बसली, ते लालबाग-परळच्या चाळींना विचारा.

तेच चित्र आज आपल्याला महागात पडतंय. आपला मुलगा तसा दिसत नाही ना, मग आई-बाबा निर्धास्त.

(दृश्य: कॉलेजबाहेरची चहाची टपरी. मुलांचे चेहरे अस्पष्ट)

एमडी, म्हणजे मेफेड्रोन. पांढरट पावडर, रसायनांपासून बनवलेली. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, पण एमडी त्याच्या यादीत आली फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर तिने मुंबईत चांगलेच हातपाय पसरले होते.

ती गळ्यात कशी मारतात, ते ऐका. मुलांना सांगतात, "परीक्षेच्या आधी रात्रभर जागता येतं." मुलींना सांगतात, "वजन उतरतं." आणि गंमत अशी की सुरुवातीला हे खरं ठरतं. झोप उडते, भूक मरते, चारचौघांत बोलायला धीर येतो. पण असर तासा-दोन तासांत ओसरायला लागतो आणि लगेच परत नाकात ओढावीशी वाटते. महिन्याचा पगार एका रात्रीत उडवावा, तसा मेंदू त्या रात्री आनंद उधळतो; पुढचे दिवस खडखडाट. कशातच मन लागत नाही, नुसती चिडचिड. मग ते घालवायला परत तीच पुडी.

पहिली पुडी बहुतेक वेळा ओळखीच्याच हातातून येते, आणि फुकट. "घे रे, काय होत नाय."

शाळा-कॉलेजांत आपण कवटीची पोस्टरं लावतो. त्यांचा फारसा उपयोग होतो असं वाटत नाही. पोस्टर म्हणतं, नशा म्हणजे मृत्यू. पण काल ज्याने घेतली तो मित्र आज पहिल्या लेक्चरला बाजूच्या बाकावर बसलेला असतो. मुलाने कोणावर विश्वास ठेवायचा? एकदा आपली ही गोष्ट खोटी ठरली की आपलं पुढचं काहीच तो ऐकत नाही. त्यापेक्षा खरं सांगावं. पहिल्यांदा छान वाटतं, म्हणूनच लोक अडकतात, हे घरात जेवताना बोलून टाकावं. नाही कसं म्हणायचं, याचीही तयारी लागते. "पहाटे ग्राउंड आहे," "पथकाची प्रॅक्टिस आहे," अशी सबब मुलाच्या खिशात असावी. दहीहंडीत चौथ्या थराला चढणाऱ्या पोराला ती सबब वाटतही नाही.

(दृश्य: चाळीतली खोली, पोटमाळा, अर्धं टाकलेलं ताट)

घरात काय दिसतं? दोन रात्री जागा, मग दिवसभर मेल्यासारखी झोप. ताट तसंच. जबडा सारखा घासतोय. नाकातून रक्त येतं, विचारलं तर म्हणतो उन्हाने. कपाटातली शंभराची नोट जाते, पुढे आईची चेन जाते. यातली एखादीच गोष्ट दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नका; त्या वयात पोरं तशीही तिरसट असतात. पण तीन-चार एकत्र दिसल्या तर थांबू नका.

आणि आपण नेमके तिथेच थांबतो. आई बाबांपासून लपवते, बाबा भावकीपासून. "गावी पाठवू, कलमांच्या बागेत राहील सहा महिने." नाहीतर, "लग्न लावून देऊ, जबाबदारी पडली की सुधारेल." लग्नाने काय होतं? भोगणारं माणूस एक वाढतं. आणि गावाहून तो परत येतो तो त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत. ब्राऊन शुगरवाल्याचं तर आणखी वाईट. मधे बंद राहिल्याने शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वी पचणारा डोस आता जीव घेऊ शकतो.

दुसरी भीती पोलिसांची. ती अगदीच खोटी नाही. "ठेव जरा तुझ्याकडे" म्हणून मित्राने दिलेलं पाकीटही खिशात सापडलं की गुन्हाच. एमडी दोन ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. पन्नास ग्रॅमच्या वर गेलं की किमान दहा वर्षं. पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे, आणि ते फार थोड्या घरांना माहीत असतं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं.

(दृश्य: रुग्णालयाचं आवार, केसपेपरची रांग)

केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. ब्राऊन शुगर बंद केली की येते ती टर्की: नाक-डोळे गळतात, अंग मोडून येतं, पोट बिघडतं. हे पहिले दिवस औषधांनी सुसह्य होतात, पोराला खोलीत कोंडून नाही.

मुलगा यायला तयार नसेल तर आधी आई-बाबांनी जावं. पैसे मागितले तर द्यायचे का, त्याने दार लावून घेतलं तर काय करायचं, हे समुपदेशकाला विचारावं. घरातून पाऊल निघत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत.