एकाच हीटचा बार

(दृश्य : शिरोली एमआयडीसी. लॅडलमधून मोल्डमध्ये पडणारं लालभडक मेटल.)

कोल्हापूरच्या फाउंड्रीत मेटल ओतताना एक छोटा साचा बाजूला मांडलेला असतो. टेस्ट बारचा. भट्टीतून एका वेळी निघालेलं मेटल म्हणजे एक हीट. कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, जो हीट नंबर, तोच बारवर. बार लेथवर तासतात, यूटीएमवर, म्हणजे ताण देऊन पाहणाऱ्या यंत्रावर, ओढतात. काडकन तुटतो. तुटेपर्यंत किती ताण सोसला, किती लांबला, ते रिपोर्टवर चढतं. आणि ज्याला कुणी ओढून पाहिलेलं नाही, ते कास्टिंग ट्रकमध्ये चढतं.

(दृश्य : भिंगाखाली नखाएवढी चिप, झाकण काढलेली.)

अंतराळयानातल्या चिपचाही निकाल असाच लागतो. ही एफपीजीए. कारखान्यातून कोरी येते. आतली कुठली तार कुठे जोडायची, ते घेणारा ठरवतो. मोजकेच नग लागणाऱ्या यानासाठी नवी चिप घडवणं परवडत नाही, ही परवडते. २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटीमध्येही एफपीजीए होत्या.

काही चिपमध्ये ही जोडणी मेमरीत लिहिलेली असते. अंतराळातला एखादा जड कण आरपार गेला, की त्यातला शून्याचा एक होतो. म्हणजे नुसती माहिती नव्हे, सर्किटच बदललं! त्यावर तोडगा असा : एकच सर्किट तीनदा बसवायचं, दोघं म्हणतील ते खरं धरायचं, आणि मेमरी पुन्हा पुन्हा लिहीत राहायची.

दुसरी जात अँटिफ्यूजची. घरातला फ्यूज उडाला की तार तुटते. हा उडवला की तार जुळते, कायमची. सगळी गोम इथेच आहे. सांधा जुळवल्याशिवाय तो टिकेल का हे कळत नाही, आणि एकदा जुळवला की चिप पुन्हा कोरी होत नाही.

म्हणून त्याच लॉटच्या जादा चिप घेतात आणि त्यांचे हाल करतात. १२५ अंश सेल्सिअसला सलग १,००० तास चालवायच्या. उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंत तापवायच्या-गारवायच्या. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत ठेवायच्या. जड कणांचा मारा करायला दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरसारख्या ठिकाणी पेलेट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, आहे. तिथे आधी चिपचं झाकण काढावं लागतं, कारण ते कण जाड आवरणातच अडकतात.

एवढं सोसलेली चिप वर जात नाही. तिची भावंडं जातात.

(दृश्य : पुन्हा शिरोली. तुटलेला बार हातात.)

इथला जुना मिस्त्री मात्र लगेच विचारेल, "बार झ्याक आलाय, पण जाड भागाचं काय?" रास्त शंका आहे. बारीक बार लवकर निवतो, जाड कास्टिंग सावकाश. म्हणून जड कास्टिंगला बार त्याच्या अंगालाच जोडून ओततात. आणि परीक्षेच्या चिपमध्येही, होता होईल तो, वर जाणाऱ्या चिपचीच जोडणी भरतात.