उजव्या कडेची हिरवी रेघ

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. चालू व्हिडिओच्या उजव्या कडेला उभी, बारीक हिरवी रेघ.)

ही रेघ जरा जवळून बघा. मूळ व्हिडिओ १९२० पिक्सेल रुंद, पडदा १३६६. चित्र लहान करताना शेवटचे काही पिक्सेल भरायचे राहून गेले आणि तिथे शून्य उरलं.

मग रेघ काळी का नाही? कारण व्हिडिओत प्रत्येक ठिपक्यासाठी उजेडाचा एक आकडा असतो आणि रंगाचे दोन. नेहमीच्या आठ बिटच्या व्हिडिओत रंगाचे दोन्ही आकडे १२८ असले, तरच रंग नाहीसा होतो. तिन्ही आकडे शून्य झाले की दिसतो हिरवा.

(दृश्य: कोडच्या ओळी वर सरकताहेत.)

हे आकार बदलण्याचं काम करणारा एक कोड बघू. फ्रेंच प्रोग्रामर फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० साली एफएफएमपेग सुरू केलं. व्हिडिओ वाचणारं, बदलणारं हे खुलं सॉफ्टवेअर. चित्राचा आकार बदलणारा त्यातला भाग म्हणजे लिबस्वस्केल. तो मूळचा एमप्लेअर या व्हिडिओ प्लेअरमधला, प्रोग्रामर मायकेल नीडरमायर यांच्या हातचा. तेव्हाचे संगणक बेताचे होते, त्यामुळे सगळा भर वेगावर. आडवं स्केलिंग (रुंदी बदलणं), उभं स्केलिंग (उंची बदलणं), रंगांचं रूपांतर, सगळं एकमेकांत गुंतलेलं. २०१५ साली गूगल समर ऑफ कोड या खुल्या सॉफ्टवेअरसाठीच्या उपक्रमात त्याची फेरमांडणी झाली. आडव्याची फाइल वेगळी, उभ्याची वेगळी, आणि मधल्या ओळी सांभाळायला तिसरी.

वाचायला सोपं झालं, पण असल्या कामात खरी धाकधूक पुढेच असते. उत्तर तेच येतंय ना?

(दृश्य: आकड्यांची एक ओळ, मोठ्या अक्षरांत.)

नवा प्रत्येक पिक्सेल हा शेजारच्या जुन्या पिक्सेलांची भारित सरासरी असतो. आडव्या स्केलिंगमध्ये या भारांची बेरीज १६३८४ धरलेली आहे. भार पूर्णांकात बसवताना थोडं कमी-जास्त होतंच. ती चूक सोडून न देता पुढच्या भारात मिळवली जाते. त्यामुळेच सपाट करडी भिंत सपाट करडीच राहते. मला या कोडमधली ही सगळ्यात सुंदर जागा वाटते. साफसफाईच्या नादात कुणी ती ‘निरुपयोगी’ म्हणून काढली, तर एका फ्रेममध्ये कुणाच्या लक्षातही येणार नाही.

लक्षात येतं ते फेटच्या, म्हणजे एफएफएमपेगच्या स्वतःच्या, आपोआप चालणाऱ्या चाचण्यांना. चित्राचा चेकसम, म्हणजे सगळ्या पिक्सेलांवरून काढलेला एक ओळख-आकडा, जतन केलेला असतो, त्याच्याशी नवा ताडून बघतात. वेगासाठी काही भाग असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, लिहिलेले असतात. चेकॅझम नावाची दुसरी चाचणी त्या असेंब्लीचं उत्तर साध्या सी भाषेतल्या कोडच्या उत्तराशी जुळवते.

म्हणून शिस्त एकच: फेरमांडणीचा पॅच (कोडमधल्या बदलांचा संच) वेगळा, दुरुस्तीचा वेगळा. पहिल्यात एकही चेकसम हलता कामा नये. दुसऱ्यात जो हलेल, त्याचं कारण पॅचसोबत लिहायचं. दोन्ही एकत्र केले, तर आकडा कशामुळे बदलला हे सांगणार कोण?

(दृश्य: पुन्हा तीच हिरवी रेघ.)

अशी रेघ येऊ शकते ती एका भागाकारातून. एव्हीएक्स-२ म्हणजे प्रोसेसरच्या, एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना. त्यांच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, सोळा बिटचे १६ आकडे मावतात, म्हणजे एका फेरीत १६ पिक्सेल. १३६६च्या ओळीत ८५ फेऱ्या होतात, १३६० पिक्सेल भरतात. सहा उरतात. त्या सहांसाठी वेगळी फेरी लिहायची राहिली की झालं.

(दृश्य: पॅच. उरलेल्या सहांसाठी एक छोटं लूप वाढलंय. खाली संदर्भफाइलमध्ये एक चेकसम बदललाय.)

आता कडेचे सहाही पिक्सेल जागेवर आहेत.