त्या चित्रातला दुसरा मुलगा

पालकहो, शिक्षकहो,

मी पशुवैद्य आहे. शाळा मला बोलावतात ते एरवी रेबीजबद्दल सांगायला, प्राणी चावला तर काय करायचं ते समजवायला. आजचा विषय नेमका उलटा आहे. मुलांनीच प्राण्याला जखमी केलं, तेही शाळेच्या आवारात, तर आपण मोठ्यांनी काय करायचं?

काही वर्षांपूर्वी मला एका शाळेतून फोन आला. मुख्याध्यापकांचा नव्हे, साफसफाई करणाऱ्या मावशींचा. "कुत्री तीन दिवस जिन्याखालून हलली नाही, काही खात नाही." मी पोहोचलो तर फाटकाशी ही गर्दी. चार मुलांनी मधल्या सुट्टीत तिला कोपऱ्यात गाठून दगड मारले होते. पाचव्याने त्याचा व्हिडिओ काढला होता आणि तो या फोनवरून त्या फोनवर फिरत होता. बाहेरचे लोक मुलांची नावं घेऊन ओरडत होते, "यांनाही तसंच ठेचा" म्हणत होते. आत शाळेचं म्हणणं होतं, मुलं बाहेरची असतील, उगाच वाढवू नका. दोन्हीकडे आवाज चढलेला. आणि त्या तीन दिवसांत कुत्रीच्या मोडलेल्या पायाला एकाचाही हात लागला नव्हता. फाटकावरच्या माणसांचा राग खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण जिच्यासाठी तो राग होता, तिच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

विल्यम होगार्थ नावाचा इंग्रज चित्रकार होता. 1751 मध्ये त्याने क्रूरतेच्या चार पायऱ्या दाखवणारी चार चित्रं छापली. पहिल्यात एक मुलगा रस्त्यावर कुत्र्याचे हाल करतोय. पुढच्यात तोच मोठा होऊन घोड्याला झोडपतोय, तिसऱ्यात खुनी म्हणून पकडला जातोय, चौथ्यात फाशीनंतर त्याचं प्रेत चिरलं जातंय. ही उतरण सगळ्यांच्या लक्षात राहते. पण पहिल्या चित्रात अजून एक मुलगा आहे. तो मधे पडलाय. हातातला खाऊ पुढे करून विनवतोय, हा घे, पण त्याला सोड. भोवती इतकी पोरं, आणि थांबवायला हा एकटा.

मला आज बोलायचंय ते या मुलाबद्दल. हाल करणारे तीन-चार असतात, बघणारे तीस-चाळीस. त्या बघणाऱ्यांत कुणाच्या तरी पोटात कालवत असतं. पुढचा आठवडाभर मोठी माणसं कशी वागतात हे तो टक लावून बघतो. शाळेने झाकपाक केली, तर त्याला कळतं की बोलून उपयोग नाही. लोक दगड मारणाऱ्याला दगड मारायला निघाले, तर त्याला कळतं की दगड चालतो, फक्त कुणाला मारायचा ते ठाऊक हवं.

आता दगड मारणाऱ्या मुलांकडे येतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1987 मध्ये आपल्या निदान-नियमावलीत प्राण्यांशी क्रूर वागणं हे मुलांमधल्या वर्तनविकाराचं एक लक्षण म्हणून नोंदवलं. म्हणजे "पोरं आहेत, करतात" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. पण लक्षण हे भाकीत नव्हे. अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांना छळणं हे तिन्ही दिसलं की मूल पुढे हिंसक होणार, हा विचार 1963 पासून चालत आला. नंतरच्या संशोधनाने त्याला फारसा आधार दिला नाही. फाटकावर मात्र मी तेच ऐकलं, "हा उद्या खून करणार." मुलगा दहा वर्षांचा होता. त्या चौघांत एक जण म्होरक्याला घाबरून सामील झालेला असतो. एखादा घरी रोज मार खात असतो, किंवा आईला मार खाताना बघत असतो. त्याला समुपदेशकासमोर बसवून आधी हे विचारायला हवं. प्राण्याच्या अंगावरची जखम ही कधीकधी मुलाच्या घरातल्या हिंसेची बाहेर दिसलेली पहिली खूण असते. आणि त्याचं नाव, चेहरा फोनवर फिरवू नका. आरोप असलेल्या मुलाची खासगी बाब जपायची, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातच लिहिलेलं आहे.

प्रत्यक्ष करायचं काय? सगळ्यात आधी प्राण्यावर उपचार. दवाखान्यात जखमांची लेखी नोंद आणि फोटो मागून घ्या. प्राणी दगावला असेल तर घाईने पुरू नका, शवविच्छेदनानंतरच काय झालं ते नक्की सांगता येतं. कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी काढून ठेवा, काही दिवसांनी ते पुसलं जातं. तक्रार लेखी द्या. आणि ज्या मुलाने पाहिलं त्याला एकाच विश्वासातल्या माणसाने शांतपणे विचारावं, "काय झालं ते सांग." सात जणांनी सात वेळा विचारलं की मूल विचारणाऱ्याला हवं ते बोलू लागतं.

शिक्षेबद्दल मला नेहमी विचारतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1693 मध्ये मुलांच्या शिक्षणाविषयी लिहिताना आपल्या ओळखीच्या एका आईचं कौतुक केलं आहे. मुलींनी कुत्रा, खार, पक्षी काहीही मागितलं तरी ती आणून देई. अट एकच, त्याची नीट निगा राखायची, त्याचे हाल होऊ द्यायचे नाहीत. ज्याने हाल केले त्याच्या ताब्यात मी लगेच प्राणी देणार नाही, ते त्या प्राण्यावर अन्याय करणारं आहे. पण पिंजरा धुणं, पाणी भरणं, देखरेखीखाली महिनोन्‌महिने, हे त्याच्या वाट्याला यायला हवं. एका दिवसाची माफी लिहून घेणं मला पुरेसं वाटत नाही.

त्या मावशींना सांगणारी एक पाचवीतली मुलगी होती, हे मला नंतर समजलं. आधी तिने दोन बाईंना सांगून पाहिलं होतं, त्या तिलाच रागावल्या होत्या. शाळा सुटल्यावर ती आईबरोबर दवाखान्यात आली. तिला बघताच कुत्री प्लास्टरचा पाय ओढत भिंतीला जाऊन चिकटली, थरथर कापायला लागली. मी म्हणालो, "तुला नाही गं घाबरली ती, तुझ्या गणवेशाला घाबरली." मुलगी दारातच थांबली, मग आईचा हात धरून निघून गेली. तासाभराने परत आली, घरचा फ्रॉक घालून.